विनंतीवरून वगळलेलं गाव

यादीवरून भांडण पेटलं तेव्हा सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते.

अंत्यविधीसाठी भाड्याने घेतलेल्या हॉलच्या मोठ्या दालनात आजोबा, न्हिया पाओ मुआ, शवपेटीत निजले होते. अंगावर एकावर एक चार भरजरी डगले, पायांत तागाच्या चपला, उशाशी भाताची वाटी आणि उकडलेलं अंडं. मागच्या खोलीत, जिथे हॉलवाले एरवी खुर्च्या रचून ठेवतात, तिथे त्यांचे दोन मुलगे, एक नातू आणि मेलेल्याला वाट दाखवणारे थाओबाबा एका घडीच्या टेबलाला खेटून बसले होते. मधे पिवळ्या पानांची वही. त्या वहीत बारा गावं लिहून झाली होती आणि त्यांतली नऊ खोडून झाली होती.

"मला एवढंच सांगा," थाओबाबा म्हणाले, "मेकाँग नदी ओलांडल्यावर पहिला मुक्काम कुठे?"

"बान विनायची निर्वासितांची छावणी," थोरले सेंगकाका म्हणाले.

"नाही दादा, त्याआधी ते पोलीस ठाण्यामागचं आवार. चार महिने होतो आपण तिथे. मला गोवर आला होता," शुआचे बाबा म्हणाले.

"गोवर तुला बान विनायमध्ये आला."

"गोवर मला आला का तुला आला?"

"तू सहा वर्षांचा होतास, नेंग. तुला शेंबूड पुसायचं कळत नव्हतं."

"आणि तू अकराचा होतास, तर तुला नकाशा पाठ होता का?"

थाओबाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते आजोबांच्या मुआ कुळाचे नव्हते, या भांडणाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त गावं हवी होती. म्हातारा जिथे जिथे राहिला ते प्रत्येक गाव उलट्या क्रमाने घ्यायचं, तिथल्या भूमीचे आभार मानून त्याला सोडवून घ्यायचं, आणि आताच्या या फ्रेस्नो शहरापासून मागे मागे नेत त्याची जन्मावेळची वार ज्या घरात खांबाखाली पुरली होती तिथे पोचवायचं. ती वार म्हणजे माणसाचा पहिला सदरा. तो अंगात घातल्याशिवाय पूर्वज ओळख देत नाहीत. मधलं एक गाव सुटलं की वाट तिथेच तुटते, आणि मग तो आत्मा ना इकडचा ना तिकडचा. असा अडलेला म्हातारा परत येतो, आणि परत येतो तो नातवंडांना आजारी पाडायलाच.

नेंगची मुलगी शुआ दारात उभी होती. हातात उकडलेल्या डुकराच्या मांसाची परात आणि मिरचीचा ठेचा. गेले तीन दिवस ती हेच करत होती, ने-आण. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं, आणि बोलत नव्हतं तेच बरं होतं.

"विचारायचं होतं तर म्हाताऱ्यालाच विचारून ठेवायचं," सेंगकाका वैतागून म्हणाले.

"विचारलं की!" मागून ब्लिया आत्याचा आवाज आला. ती मेलेल्याला पैसा म्हणून जाळायच्या सोनेरी कागदांच्या होड्यांची पिशवी घेऊन चालली होती, ती थांबलीच. "आपल्या कॉलेजकन्येने विचारलं होतं. जित्या माणसाला गाडीत बसवून वाट विचारली. 'आजोबा, आधी कुठे, मग कुठे?' तीन आठवड्यांत निघाला बघा माझा बाप वाटेला. म्हणून तर बसलोय इथे."

"ब्लिया, पुरे," बाबा म्हणाले. पण हळू म्हणाले. ते हळू म्हणणंच शुआला जास्त लागलं.

आत्याचं काम उचलली जीभ लावली टाळ्याला, हे सगळ्या मुआ खानदानाला ठाऊक होतं. पण या वेळी सगळं खानदान मनातून तेच म्हणत होतं. शुआने नर्सिंगसाठी लागणारे विषय अर्धवट सोडून कम्युनिटी कॉलेजात मानववंशशास्त्र घेतलं, तेव्हा सेंगकाका जेवताना म्हणाले होते, "माणसांचा अभ्यास? आपल्या घरात माणसं कमी पडली का?" तेव्हा सगळे हसले होते, आजोबाही हसले होते. नंतर तिने एका माणसाची जीवनकथा लिहायचा गृहपाठ आहे असं सांगितलं, आणि आजोबा म्हणाले, माझी लिही. घरात मात्र ते बोलायला तयार नव्हते. जित्या माणसाची वाट उच्चारली की मरण ओढवतं, म्हणून घरात वाटेचं नाव काढत नाहीत. म्हणून मग ती त्यांना त्यांच्या गवती चहाच्या वावराकडे घेऊन गेली, गाडी बांधाला लावली, आणि फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. तीन दुपारी. त्यानंतर चौथ्या आठवड्यात त्याच वावरात, जुड्या बांधता बांधता, आजोबा बसल्या जागी कलंडले.

"बाबा," सेंगकाकांचा मुलगा कोंग म्हणाला. तो ट्रक कंपनीत काम करायचा आणि भांडणापेक्षा काम उरकण्यावर त्याचा भर असे. "तिने विचारलंच आहे, तर तिच्याकडे यादी असेल ना? मग आपण का डोकं फोडतोय?"

सेंगकाकांनी शुआकडे पाहिलं, तीन दिवसांत पहिल्यांदा.

"आहे का?"

"आहे," शुआ म्हणाली. परात अजून तिच्या हातातच होती.

"मग उभी काय राहिलीस? दे."

निबंध फोनमध्ये होता, इंग्रजीत, बावीस पानं. कोंगने तो घेतला आणि एकेक गाव मोठ्याने वाचत गेला. फ्रेस्नोतली तीन घरं. त्याआधी मिनेसोटात चर्चच्या तळघरातली खोली, बर्फात गाडलेली. त्याआधी बान विनाय, पाच वर्षं. त्याआधी पोलीस ठाण्यामागचं आवार, चार महिने.

"बघ!" बाबा टेबलावर हात मारून म्हणाले. "गोवर!"

सेंगकाकांनी खुर्ची ओढून शुआला जागा करून दिली. थाओबाबा भराभर लिहीत होते. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "हे महिने-वर्षं सगळं त्यानेच सांगितलं?" आणि शुआने मान हलवल्यावर म्हणाले, "चाळीस वर्षं वाट दाखवतोय मी, पोरी. एवढी नीट यादी कुणी दिली नाही." आजोबा गेल्यापासून शुआला पहिल्यांदा वाटलं, आपण मारलं नाही त्यांना. लगेच दुसरी गोष्ट आठवली.

कोंग तिथवर पोचलाच होता. "ही काय तळटीप आहे? 'निवेदकाच्या विनंतीवरून यापुढील एक गाव वगळण्यात आले आहे.'" त्याने वर पाहिलं. "निवेदक म्हणजे आजोबाच ना?"

थाओबाबांचं पेन थांबलं.

"कुठलं गाव?" सेंगकाकांनी विचारलं.

शुआने परात टेबलावर ठेवली. "ते मला सांगता येणार नाही, काका."

"म्हणजे?"

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. मी कबूल केलं होतं. तसा कागद असतो, त्यावर सही असते."

"कागद!" काका उभे राहिले. "माझा बाप तिथे पेटीत पडलाय, त्याच्या पायांत चपला घातल्यात, आणि तू मला कागद सांगतेस? कुणाशी केलंस कबूल? कॉलेजाशी?"

"आजोबांशी."

"तो गेला!"

"मला माहीत आहे ते गेले!" शुआचा आवाज चढला आणि मोठ्या दालनात होड्या दुमडणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. आत्या तर दारातच होती. "बघा, बघा," ती बायकांकडे वळून म्हणाली, "आधी वाट विचारून बोलावणं धाडलं, आता वाट लपवून ठेवते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!"

बाबा उठून लेकीजवळ आले. शुआला वाटलं, आता आपली बाजू घेतील. ते खाली वाकून, हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "सांगून टाक ना बाळा. काय असेल ते असेल. कुठे जुगार खेळला असेल, बाई ठेवली असेल. आम्ही काय लहान आहोत?"

तिला रडूच फुटलं. बाई असती तर तिने केव्हाच सांगितलं असतं.

ती तिसरी दुपार होती. आजोबांनी सोळा गावं सांगून झाल्यावर फोनकडे बोट दाखवून म्हटलं होतं, ते बंद कर. तिने केलं. मग ते समोरच्या गवती चहाच्या ओळींकडे बघत बोलले, तिच्याकडे बघून नाही. लढाई हरल्यावर ते रानात लपून लढत होते असं घरात सगळे सांगतात, ते खोटं. ते पकडले गेले होते. अकरा महिने ते फा होंगला होते, नव्या सरकारच्या शिपायांच्या छावणीत. "मला मारलंसुद्धा नव्हतं अजून," आजोबा म्हणाले. "नुसता भात समोर ठेवला होता. मी तीन नावं सांगितली. पहिलं तुझ्या आजीच्या भावाचं. चेर कुठल्या गुहेत आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. त्याला मीठ पोचवणारा मीच होतो."

फा होंग हे नाव घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आजीचा एकुलता भाऊ, चेरमामा, पकडून नेल्यावर तिथेच नाहीसा झाला. त्याचं शरीर मिळालं नाही, त्याच्यासाठी ढोल वाजला नाही, त्याला कुणी वाट दाखवली नाही. आजी ते नाव घेतलं की थुंकायची. कुणी दगा दिला ते शोधून काढायला तिने बान विनायमध्ये माणसामाणसाच्या पाया पडून विचारलं होतं, आणि त्या सगळ्या वेळी तिचा नवरा शेजारी बसून पोरांना खेळवत होता.

"हे कागदात घालायचं नाही," आजोबा शेवटी म्हणाले होते. "आणि मी गेल्यावर यादीतसुद्धा नाही. ते गाव मला नको." शुआला वाटलं, लाज वाटते त्यांना. तिने वचन दिलं. कॉलेजातल्या हॅलोरनबाईंनी तळटिपेखाली हिरव्या शाईने 'योग्य निर्णय' असं लिहिलं, आणि तिला त्याचा अभिमानही वाटला होता.

"पोरीला माझ्याबरोबर पाठवा जरा," थाओबाबा म्हणाले. "बाहेर. आणि तुम्ही ते मांस खाऊन घ्या, गार होतंय."

हॉलच्या मागे गाड्या लावायची जागा होती. तीन-चार माणसं कोपऱ्यात मोठ्या टोपात भात वाफवत होती. थाओबाबांनी सिगरेट पेटवली. ते गुटगुटीत, ठेंगणे, आठवड्याचे पाच दिवस शाळेच्या बसचे ड्रायव्हर होते.

"तुमच्या कॉलेजात काय सांगतात? माणूस मेला की वचनाचं काय?"

"बाई म्हणाल्या होत्या, माणूस मेला तरी वचन मरत नाही."

"बाई शहाण्या आहेत. त्यांच्यात मेलेला माणूस कुठे जातो?"

"मी विचारलं नाही."

"बरोबर. त्यांना न्यायचा नसतो कुठे, म्हणून जमतं." त्यांनी धूर सोडला. "हे बघ, मी रागावत नाही. तुझ्या काकासारखा तर मुळीच नाही. पण मला यादीतल्या त्या भोकावरून चालवत नेता येणार नाही त्याला. तो पडला तर मी बघायला नसतो. मी अर्ध्या वाटेवरून परत फिरतो, पुढे त्याचा तो."

"पण त्यांनाच नको होतं ते गाव."

"नको असेल. मला मिनेसोटा नको होतं, राहिलो ना? मेल्यावर माणसाच्या मनाचं चालत नाही, पोरी. वाटेचं चालतं."

शुआ गाड्यांकडे बघत राहिली. गेल्या वर्षी मॉलबाहेर आजोबांना गाडी सापडेना, तेव्हा ते दीड तास हातात पिशवी धरून एकाच खांबाजवळ उभे होते. कुणाला विचारलं नाही, फोन केला नाही. ती शोधत आली तेव्हा म्हणाले, मला वाटलंच होतं तू येशील. आता ते कुठेतरी नदीच्या काठी तसेच उभे राहतील, आणि या खेपेला कुणीच शोधत येणार नाही. हे तिला सोसवेना. वचन मोडल्याचं पाप तिने घेतलं असतं, कॉलेजही सोडलं असतं. पण आजीचं काय?

"मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही मनातल्या मनात म्हणाल?"

"नाही. ऐकू आलं पाहिजे. त्याला."

"आजी उशाशी बसते."

थाओबाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. बहुधा तेव्हाच त्यांना अर्धंमुर्धं कळलं असावं.

"हळू म्हणेन," ते म्हणाले. "त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

तिने सांगितलं. नुसतं गावाचं नाव, बाकी काही नाही. थाओबाबांनी सिगरेट बुटाखाली विझवली, तरी बराच वेळ पाय उचललाच नाही.

"अकरा महिने," शुआ म्हणाली. "नदीच्या पलीकडे, रानातल्या मुक्कामाच्या आधी."

"हं," ते म्हणाले, आणि आत गेले.

दहा वाजता ढोल थांबला. थाओबाबा पेटीशेजारी लाकडी स्टुलावर बसले, हातात उभ्या चिरलेल्या बांबूची दोन शकलं. शकलं जमिनीवर टाकायची. एक उताणं आणि एक पालथं पडलं की मेलेला माणूस हो म्हणाला. दोन्ही सारखी पडली की नाही म्हणाला, मग पुन्हा विनवायचं. आजी उशाशी, डोक्याला पांढरं फडकं बांधून. तिच्यामागे मुलगे, सुना, आत्या. शुआ सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून.

आजोबा सरळ माणूस होते, निदान आजच्या दिवशी. फ्रेस्नोच्या तिन्ही घरांना त्यांनी एका फटक्यात हो म्हटलं. थाओबाबांचा आवाज गाताना वेगळाच व्हायचा, बसवाल्याचा राहायचा नाही. "फ्रेस्नोच्या भूमी, तू याला पाणी दिलंस, जळण दिलंस, गवती चहा उगवू दिलास. त्याने काही उसनं ठेवलं नाही. आता सोड त्याला, घरी जायचंय." बर्फातल्या तळघराने सोडलं. बान विनायने सोडलं. पोलीस ठाण्याच्या आवाराला थाओबाबांनी गोवराबद्दलही क्षमा केली, आणि बाबा डोळे पुसता पुसता हसले, सेंगकाकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. किती दिवसांनी ते दोघे भाऊ दिसत होते. नदी ओलांडून झाली. मागे रानातला मुक्काम, तोही झाला.

थाओबाबा थांबले, घसा खाकरला. मग खाली बघत, इतकं हळू की पुढच्या रांगेलाच जेमतेम ऐकू जावं, म्हणाले, "फा होंगच्या भूमी, तू याला अकरा महिने पाणी दिलंस..."

सगळ्यांत आधी सेंगकाकांची मान वर झाली. मग आत्याने तोंडावर हात नेला. आजी मात्र हलली नाही. थाओबाबा "जळण दिलंस" म्हणाले, "सोड त्याला" म्हणाले, शकलं उचलली, आणि तेव्हा आजीने हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, थाओभाऊ."

"वहिनी, मधे थांबता येत नाही."

"थांबा म्हटलं ना." ती वळली. ऐंशीला टेकलेली ती म्हातारी, माणसांच्या तीन रांगांपलीकडे तिने शुआला नेमकं शोधून काढलं. "तुला सांगितलं होतं त्याने?"

शुआने मान हलवली.

"इकडे ये."

माणसं बाजूला झाली. शुआ आजीपुढे जाऊन गुडघ्यांवर बसली.

"किती नावं दिली?"

"आई, हे नंतर," सेंगकाका म्हणाले. "लोक बघतायत. नंतर बोलू ना घरी."

"नंतर तो निघून जाईल, सेंग. किती नावं दिली ग?"

"तीन."

"चेरचं?"

शुआ बघत राहिली. सगळ्यांत शेवटचं असं म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? रेकॉर्डिंग बंद होतं. पण आजीच्या तोंडाकडे बघून खोटं बोलायची तिला छाती झाली नाही.

"पहिलं," ती म्हणाली.

आत्या हुंदका देऊन म्हणाली, "खोटं बोलते कार्टी! माझा बाप असं..." बाबांनी तिला दंडाला धरून गप्प केलं. त्यांचा स्वतःचा चेहरा राखेसारखा झाला होता.

आजी रडली नाही. ती पेटीत वाकून नवऱ्याकडे बघत राहिली, वावरावरून उशिरा परतल्यावर बघायची तशीच. "म्हणून याला फा होंग नको होतं," ती म्हणाली. "मला नाही घाबरला हा. माझं काय, मी नुसती रडले असते. हा चेरला घाबरला."

शुआला तेव्हा कळलं. चेरमामाला कुणी वाट दाखवली नव्हती. तो अठ्ठेचाळीस वर्षं तिथेच होता. आजोबांनी गाव वगळायला सांगितलं ते लाजेने नव्हे. त्या गावात पाऊल ठेवलं की पहिला भेटणारा तोच होता, आणि बावीस पानं लिहून, प्रत्येक शब्द तपासूनही तिला हे दिसलं नव्हतं. तिने आपल्या हातांनी आजोबांना चेरमामाच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

"थाओभाऊ," आजी म्हणाली, "त्याला सांगा, चेरला बरोबर घे."

"वहिनी..." थाओबाबांनी घाम पुसला. "तो ली कुळाचा. मुआंच्या वाटेने ली माणूस कसा जाईल? असं कुणी कधी केलेलं नाही."

"मुआंच्या अंगणात आणा म्हणत नाही मी. पुढे आमच्या ली लोकांचा फाटा लागेल, तिथवर. मीठ पोचवायची वाट ठाऊक होती ना याला? मग तेवढंच सांगा. त्याला पाठीवर घे, फाट्यापर्यंत ने, आणि मग तुझा तू जा."

"आई, त्याला वाटेत अडवू नकोस," सेंगकाका कळवळून म्हणाले. "कसाही असला तरी आमचा बाप आहे. जाऊ दे त्याला."

"चेर माझा भाऊ आहे," आजी म्हणाली. "मी एवढी वर्षं तुझ्या बापाचा भात शिजवला."

थाओबाबांनी सेंगकाकांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबांनी एकदाच मान हलवली. मग थाओबाबा पुन्हा स्टुलावर नीट बसले, आणि जे कुणी कधी म्हटलं नव्हतं ते शब्द जुळवत जुळवत म्हणू लागले. फा होंगच्या वाटेवर एक माणूस बसलाय. त्याच्या पायांत चपला नाहीत, त्याला वाटेवर सोबत करणारा कोंबडा मिळाला नाही. न्हिया पाओ मुआ, तू त्याला ओळखतोस. खाली वाक, त्याला पाठीवर घे.

त्यांनी शकलं टाकली. दोन्ही पालथी.

थाओबाबांनी शकलं उचलून पुन्हा तेच म्हटलं, या वेळी मोठ्याने, आर्जवाने, आणि टाकली. दोन्ही पालथी. पेटीतल्या आजोबांचा चेहरा पावडर लावलेला, शांत होता. शुआने जमिनीवर हात टेकले. तिच्या तोंडून "आजोबा, घ्या ना" असं निघून गेलं, कुणाची परवानगी न विचारता. थाओबाबांनी तिसऱ्यांदा टाकली.

दोन्ही पालथी.

"नाही म्हणतोय, वहिनी," थाओबाबा खालच्या आवाजात म्हणाले. "तीनदा. आता मी काय करू? पुढे घेऊ का त्याला?"

आजीने वाकून शकलं स्वतः उचलली, बाहीने पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"टाका पुन्हा," ती म्हणाली. "हॉल सोमवारपर्यंत आपलाच आहे."